गोवा ते लिस्बन: अंतर किती, विमानाला वेळ किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशी तिकिटांचे काम म्हापशात करताना पोर्तुगालच्या लिस्बनबद्दल तेच तेच प्रश्न रोज समोर येतात. कुणाचा मुलगा तिथे नोकरीला असतो, कुणाच्या सुनेचे बाळंतपण असते, कुणाला कागदपत्रांसाठी जायचे असते. किलोमीटरचा आकडा सगळे विचारतात. पण प्रवास लांबतो किंवा आटोपतो तो मधल्या थांब्यावर, आणि घरापासून विमानतळापर्यंतच्या रस्त्यावर. म्हणून इथे त्या गोष्टींवर जास्त लिहिले आहे.

गोवा ते लिस्बन अंतर नेमके किती?

गोव्याच्या दाबोळी विमानतळापासून लिस्बनच्या विमानतळापर्यंत सरळ हवाई अंतर सुमारे ८,३४० किलोमीटर भरते. मोपाहून, म्हणजे गोव्याच्या दुसऱ्या विमानतळावरून, मोजले तर सुमारे ८,३२०. मोपा उत्तरेला आहे आणि लिस्बनची वाट वायव्येला निघते, म्हणून हा वीसेक किलोमीटरचा फरक. मैलात सांगायचे तर ५,१८० च्या आसपास, आणि वैमानिकांच्या भाषेत साडेचार हजार नॉटिकल मैल.

नकाशावर सरळ रेघ मारली तर ती इजिप्तवरून जाते. विमानही तिथूनच जाते का?

नाही. आणि हे समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यावरून कुठल्या शहरात विमान बदलावे हेही कळते.

सपाट नकाशावर गोवा आणि लिस्बन यांच्यात पट्टी ठेवली तर मध्यबिंदू खरोखरच इजिप्तमध्ये येतो. पण पृथ्वी सपाट नाही. आमच्या टेबलावर मुलांच्या शाळेतला एक पृथ्वीगोल आहे. कुणी हा प्रश्न विचारला की मी शिवणाचा दोरा घेऊन एक टोक गोव्यावर धरतो आणि दुसरे लिस्बनवर ठेवून ताणतो. दोरा आपोआप वर सरकतो. अरबी समुद्र ओलांडून तो होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ इराणच्या किनाऱ्याला लागतो, इराकवरून सीरियात पाल्मिराच्या वाळवंटापाशी अर्धी वाट संपवतो, मग सिसिलीच्या उत्तरेकडून आणि सार्डिनियावरून स्पेन ओलांडून लिस्बनला टेकतो. गोलावरचे सगळ्यात कमी अंतर हेच, आणि वर दिलेला ८,३४० चा आकडा याच वाटेचा आहे.

विमान मात्र दोऱ्यासारखे जात नाही. युद्ध चालू असलेल्या प्रदेशांना वळसा घालावा लागतो, वारा बघावा लागतो, ठरलेल्या हवाई मार्गांवर राहावे लागते. त्यामुळे प्रत्यक्ष उडालेले अंतर या आकड्यापेक्षा काहीशे किलोमीटर जास्त निघाले तर नवल नाही.

गोव्याहून लिस्बनला थेट विमान आहे का?

नाही. एकदा तरी विमान बदलावेच लागते.

थेट असते तर किती वेळ लागला असता?

जातानाला साधारण दहा ते साडेदहा तास, येताना त्याहून थोडे कमी. मोठी प्रवासी विमाने ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतात. त्या हिशेबाने सव्वानऊ तास होतात. त्यात उड्डाण-उतरणीचा वेळ आणि समोरचा वारा धरायचा. एवढे अंतर आजच्या विमानांच्या सहज आवाक्यात आहे. बोइंग ७८७ असो की एअरबस ए३३० निओ, दोन्ही याहून कितीतरी लांब जातात. अडते ते प्रवाशांच्या संख्येवर. वर्षभर, आठवड्यातून निदान दोन-तीनदा मोठे विमान भरेल इतके लोक लागतात.

मग प्रत्यक्षात किती तास धरायचे?

चांगले जोडविमान मिळाले तर चौदा-पंधरा तास. सर्वसाधारणपणे सोळा ते वीस. स्वस्त तिकीट म्हणून मधे रात्र काढायची वेळ आली तर तीस तासही होतात.

आता थांबे कुठले ते बघू. दोहामार्गे गेलात तर मोपा ते दोहा सुमारे २,५४० किलोमीटर आणि दोहा ते लिस्बन सुमारे ५,८१०. बेरीज ८,३५० होते, म्हणजे सरळ अंतरापेक्षा फक्त तीसेक किलोमीटर जास्त. दुबईचा हिशेबही असाच जमतो. आखात आपल्या वाटेवरच आहे, वाकडी वाट होत नाही. पहिले उड्डाण चारेक तासांचे, दुसरे आठेक तासांचे, आणि मधली दोन-तीन तासांची सवड.

मुंबई आणि इस्तंबूल असे दोन टप्पे घेतले तर अंतर ८,४४० च्या घरात जाते. फरक शंभर-सव्वाशे किलोमीटरचा, पण विमान दोनदा बदलायचे. मुंबई-फ्रँकफर्टमार्गे ८,८३० होतात. दिल्लीमार्गे गेलात तर मात्र आधी उत्तरेला सुमारे १,४६५ किलोमीटर जायचे आणि मग पश्चिमेला वळायचे. एकूण ९,२०० च्या वर. दिल्लीमार्गे तिकीट फारच स्वस्त असेल किंवा दिल्लीत काही काम असेल तरच घ्या, असे माझे स्पष्ट मत आहे.

घड्याळाचा फरक किती? पोहोचण्याची वेळ कशी काढायची?

हिवाळ्यात लिस्बन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते आणि उन्हाळ्यात साडेचार तास. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे एक तास पुढे होतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे येतात. लंडनचेही तेच, त्यामुळे लंडनची वेळ ठाऊक असेल तर लिस्बनची वेगळी पाठ करायला नको.

तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावची छापलेली असते. घोळ इथेच होतो. समजा जानेवारीत तुम्ही मोपाहून पहाटे ४ वाजता निघालात. चार तासांनी दोहाला उतरलात तेव्हा आपल्याकडे सकाळचे ८ वाजलेत, पण दोहा अडीच तास मागे असल्याने तिथे साडेपाच. अडीच तास थांबून ८ वाजता दुसरे विमान. आठ तासांनी लिस्बन, तिथे दुपारचा १. घड्याळावर पहाटे ४ ते दुपारी १, म्हणजे नऊच तास दिसतात. शरीराने मात्र साडेचौदा तास काढलेले असतात आणि गोव्यात संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. घरच्यांना वेळ सांगताना ही साडेसहाची सांगा, म्हणजे उगाच घोर लागत नाही.

येताना उलटे. तिथून दुपारी निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोहोचतो. तारीख बदलते हे लक्षात ठेवून न्यायला येणाऱ्या गाडीवाल्याला नीट तारीख सांगा.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग पश्चिमेला जाताना वेळ कमी लागायला हवा ना?

शाळकरी मुले हा प्रश्न फार मनापासून विचारतात, आणि प्रश्न चांगला आहे. पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच उडते, म्हणून खाली पृथ्वी सरकून जात नाही. उलट दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात आणि हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. लिस्बनला जाताना हा वारा तोंडावर येतो, येताना पाठीशी असतो. म्हणून दोहा-लिस्बनला जाताना आठ तास लागत असतील तर परतीला सात-साडेसात लागतात.

मोपा की दाबोळी?

तिकीट काढण्याआधी संकेत वाचा. मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचा संकेत जीओएक्स, दाबोळीचा जीओआय. तिकिटावर दोन्हीपुढे ‘गोवा’ असेच छापलेले असते. दोघांत रस्त्याने साठेक किलोमीटरचे अंतर आहे. चुकीच्या विमानतळावर पोहोचलेला माणूस विमान पकडू शकत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे. मोपा जानेवारी २०२३ पासून चालू आहे आणि दोहाची सेवा २०२४ मध्ये दाबोळीहून तिकडे गेली. दाबोळी हा नौदलाचा ‘आयएनएस हंसा’ तळ आहे, नागरी विमानतळ त्याच्या आवारात चालतो.

पेडणे, बार्देश, डिचोली आणि सीमेपलीकडचे सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग यांना मोपा जवळ. पणजीहून मोपा पस्तीसेक किलोमीटर, तासभर धरा. मुरगाव आणि सालसेतला अर्थातच दाबोळी सोयीचे. काणकोणच्या माणसाने मोपाहून विमान असेल तर घरातून विमानाच्या सहा तास आधी निघावे. हे ऐकून लोकांना जास्त वाटते, पण आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोहोचायचे असते. उरलेल्या तीन तासांत म्हापशाची गर्दी, रस्त्याची कामे आणि पावसाळ्यातले एखादे आडवे झाड सगळे बसवायचे असते. चवथीच्या आदल्या दिवसांत अजून एक तास वाढवा.

मुंबईपर्यंत रेल्वेने जाऊन तिथून विमान घेतले तर?

पैसे वाचतात. कोकणकन्या रात्रभरात मुंबईला पोचवते, आणि जून २०२३ पासून मडगाव-मुंबई वंदे भारतही आहे. सामान जास्त असेल तर रेल्वे बरीही पडते. पण त्याच दिवशीचे विमान धरू नका. कोकण रेल्वेचे पावसाळ्यात वेगळे, धिमे वेळापत्रक असते आणि दरड कोसळली तर गाडी कुठेही थांबते. मुंबईत एक दिवस नातेवाइकांकडे काढायची तयारी असेल तरच हा मार्ग घ्या.

दोन वेगवेगळी तिकिटे काढली तर स्वस्त पडते. काढावीत का?

मी शक्यतो नको म्हणतो. एकाच पीएनआरवर सगळा प्रवास असेल तर पहिले विमान उशिरा पोहोचल्यावर पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर येते आणि बॅग थेट लिस्बनला मिळते. दोन तिकिटे वेगळी असतील तर मुंबईत बॅग उचला, बाहेर या, पुन्हा चेक-इन करा. आणि पुढचे विमान चुकले तर ते तिकीट बुडाले. काही हजार वाचवायला जाऊन लोकांनी नवे तिकीट आयत्या वेळच्या भावाने विकत घेतलेले आहे.

तरीही घ्यायचेच असेल तर मधे किमान सहा-सात तास ठेवा. युरोपात आधी फ्रँकफर्ट किंवा पॅरिसला उतरणार असाल तर इमिग्रेशन तिथेच होते, लिस्बनला नाही. ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेऊन प्रवेशाची नोंद करण्याची पद्धत युरोपात सुरू झाली आहे, त्यामुळे पहिल्या प्रवेशाच्या रांगेला वेळ लागतो. दीड तासाचे जोडविमान अशा ठिकाणी घेऊ नका.

मधेच एखाद्या देशाचे आकाश बंद झाले तर?

अशी वेळ येते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपले आकाश बंद केले तेव्हा दिल्ली, अमृतसरहून पश्चिमेला जाणारी विमाने लांबली. गोव्याहून आखाताकडे जाणारी वाट समुद्रावरून असल्याने आपल्याला त्याचा तितका फटका बसला नाही. पण जून २०२५ मध्ये कतारचे आकाश काही तास बंद राहिले आणि दोहात लोक अडकले. तेव्हा आखातात ताण असेल तर निघण्याच्या आदल्या रात्री आणि त्याच दिवशी सकाळी पुन्हा विमानाची स्थिती तपासा. हातातल्या पिशवीत दोन दिवसांची औषधे, चार्जर आणि एक जोड कपडे हवेतच.

पूर्वी गोव्याहून लिस्बनला जायला किती वेळ लागायचा?

वास्को द गामा ८ जुलै १४९७ रोजी लिस्बनहून निघाला आणि मे १४९८ मध्ये कालिकतजवळ पोहोचला, म्हणजे दहा महिने. पुढे आफ्रिकेला वळसा घालून येणारी पोर्तुगीज गलबते मार्च-एप्रिलमध्ये लिस्बन सोडत आणि नैर्ऋत्य मोसमी वारे धरून सप्टेंबरच्या सुमारास मांडवीच्या मुखाशी लागत. सहा महिने हा चांगला प्रवास समजला जाई. वारे चुकले तर मोझांबिकला मुक्काम पडे. १८६९ मध्ये सुवेझ कालवा खुला झाल्यावर आगबोटींनी हा काळ आठवड्यांवर आणला.

विमान आले ते १९५५ मध्ये. भारताने नाकेबंदी केल्यावर पोर्तुगीजांनी दाबोळीची धावपट्टी बांधली आणि स्वतःची एक विमान कंपनी काढली. ती दमण, दीव आणि कराचीला जात असे, पुढे टप्प्याटप्प्याने लिस्बनपर्यंत. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाने धावपट्टीवर बाँब टाकले. त्या रात्री उरलेल्या धावपट्टीवरून दोन विमाने दिवे न लावता कराचीकडे निघून गेली. आमच्याकडची वयस्क मंडळी अजूनही ‘तेव्हा थेट जाता यायचे’ असे म्हणतात. थेट नव्हते, वाटेत बरेच थांबे होते, पण एका कंपनीच्या विमानाने इथून तिथपर्यंत जाता येत असे हे खरे.

व्हिसा लागतो का?

भारतीय पासपोर्टवर शेंजेन व्हिसा, म्हणजे पोर्तुगालसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा, लागतो. दोहा किंवा दुबईत विमानतळाबाहेर न पडता विमान बदलायला वेगळा व्हिसा लागत नाही. युरोपातल्या शहरातून बदलणार असाल तर त्या देशाचा नियम तिकीट काढण्याआधी बघा. ज्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतले आहे त्यांनी परत येण्यासाठी ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळते ते) किंवा भारताचा व्हिसा जवळ ठेवावा. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणून जन्म इथला असला तरी नुसत्या पोर्तुगीज पासपोर्टवर आत घेत नाहीत.

घरून काय नेता येते? नारळ, आंबे, सुकी मासळी?

नारळ नेता येतो. युरोपीय संघाच्या यादीत केळी, अननस, खजूर, ड्युरियन आणि नारळ एवढीच फळे प्रमाणपत्राशिवाय चालतात. मानकुराद आंबा त्या यादीत नाही, त्याला वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. मे महिन्यात पेटीभर आंबे घेऊन निघालेल्यांना हे आधी सांगावे लागते, नाहीतर तिथे ते टाकावे लागतात.

सुके खोबरे मात्र विमानातच चालत नाही. ते तेलकट असते आणि आपोआप पेट घेऊ शकते, म्हणून हातातल्या पिशवीतही नको आणि चेक-इन बॅगेतही नको. ओला नारळ आणि सुके खोबरे यांचे नियम असे उलट आहेत, आणि बॅग उघडायला लावतात ती बहुतेक वेळा खोबऱ्यासाठी.

दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत. पेढे, खवा, तूप, चोरीस (गोव्याचे मांसाचे सॉसेज) सगळे बाद. सुके बांगडे आणि सोडे मर्यादेत चालतात, पण वास बाहेर येणार नाही असे तीन पदरी बांधा. दोदोल चालतो, त्यात नारळाचा रस, गूळ आणि तांदळाचे पीठ असते, दूध नसते. लोणचे आणि आमसुलाचे आगळ चेक-इन बॅगेत, झाकणाला टेप लावून.

लिस्बनचा विमानतळ शहरापासून लांब आहे का?

मुळीच नाही. उंबेर्तु देल्गादु विमानतळ शहराच्या मध्यापासून सातेक किलोमीटरवर आहे आणि मेट्रोची लाल मार्गिका थेट तिथपर्यंत येते.

फोन कधी करावा?

मुलगा रात्री ८ वाजता कामावरून येतो तेव्हा गोव्यात हिवाळ्यात दीड वाजलेला असतो, उन्हाळ्यात साडेबारा. आईने जागत बसू नये. तिथे सकाळचे साडेसात म्हणजे इथे दुपारचा एक किंवा बारा. जेवायच्या वेळी बोलणे होते.

आई पहिल्यांदाच एकटी जातेय. तिला हा प्रवास झेपेल का?

झेपतो. सत्तरीच्या पुढच्या बायका नातवंडांसाठी हा प्रवास करतात आणि नीट पोहोचतात. पण काही गोष्टी तुम्ही करायला हव्यात.

तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा. तेव्हा राहून गेले तर निदान ४८ तास आधी कळवा. याला पैसे पडत नाहीत आणि चालता येत असले तरी मागावी, कारण व्हीलचेअरबरोबर माणूस येतो. तो सुरक्षा तपासणीतून पुढच्या गेटपर्यंत नेतो, भाषेचा प्रश्न उरत नाही. दोन विमानांत तीन तासांचा अवकाश घ्या. दीड तासात तरुण माणूस धावतो, आई धावणार नाही.

एका कागदावर मोठ्या अक्षरात मराठीत आणि इंग्रजीत लिहून द्या: विमानाचा क्रमांक, कुठे बदलायचे, लिस्बनला कोण न्यायला येणार, त्याचा फोन. हा कागद पासपोर्टच्या प्लास्टिक कव्हरमध्ये घाला, पिशवीच्या तळाशी नको. दोहात बदल असेल तर तिथे मधोमध एक भलेमोठे पिवळे अस्वल आहे, डोक्यावर दिवा असलेले. त्याचा फोटो आधी दाखवून ठेवा. काही चुकले तर त्याच्यापाशी उभी राहा म्हणावे, तिथे कर्मचारी सतत असतात.

मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या कुठल्या वेळेप्रमाणे घ्यायच्या हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. दिवस पाच तासांनी लांबतो, त्यात इन्सुलिनचा हिशेब चुकू शकतो. औषधे मूळ पाकिटात आणि चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत. दर दोन तासांनी उठून चालायला सांगा, पाणी पीत राहायला सांगा. पोहोचल्यावर पहिले तीन-चार दिवस पहाटे तीनला जाग येईल. पश्चिमेला गेल्यावर असे होतेच, त्यासाठी झोपेची गोळी देऊ नका. दुपारनंतर उन्हात फिरवून आणा आणि संध्याकाळी नऊपर्यंत जागे ठेवा.

परतीच्या तिकिटाची प्रत कागदावर तिच्याजवळ हवी. इमिग्रेशनला विचारतात, आणि तेव्हा फोनची बॅटरी संपलेली असू शकते.